गेलेलं माणूस, चाहूल आणि भयपट

रात्रीची कसारा लोकल आटगावला थांबली, की गाडीनं परतणाऱ्या माणसाची वाट बघणाऱ्या घराचे कान दाराकडे लागतात. तो माणूस कायमचा गेला, दहाव्याला पिंडाला कावळाही शिवला, तरी ही सवय मोडत नाही. पावलं वाजल्याचा भास होतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘जीव अडकलाय त्याचा.’

वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी २९३ विधवा-विधुरांना याबद्दल विचारलं आणि निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. जवळपास निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराची काही ना काही चाहूल लागली होती. बहुतेकांना त्यानं आधारच वाटला. पण लोक हसतील म्हणून म्हणा, बहुतेकांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. असा भास का होत असावा? मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. वर्षानुवर्षांच्या सहवासातून बनलेला अंदाज एका अंत्यविधीनं पुसला जात नाही.

भयपट नेमकी हीच चाहूल उचलतो. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७) उसाच्या फडातल्या घरात राहायला आलेल्या गरोदर बाईला पोरांची चाहूल लागते, त्या भीतीच्या मुळाशी स्त्रीभ्रूणहत्या आहे. ज्या मुलींसाठी कुणी रडलंच नाही, त्यांचा शोक हा चित्रपट करायला लावतो. ऑस्ट्रेलियन ‘द बाबाडूक’मध्ये (२०१४) नवरा गमावलेली आई शेवटी राक्षसाला मारत नाही, तळघरात ठेवून त्याला खाऊ घालते. दुःख संपत नाही, त्याला घरात जागा करून द्यावी लागते.

मग असे चित्रपट पाहून दुःख हलकं होतं का? कोविडच्या पहिल्या लाटेत संशोधक कोल्टन स्क्रिव्हनर आणि सहकाऱ्यांनी ३१० जणांची पाहणी केली. भयपटांच्या चाहत्यांमध्ये मानसिक त्रास तुलनेनं कमी आढळला. पडद्यावरची भीती आपल्या हातात असते, हवी तेव्हा थांबवता येते. त्यातून घाबरलेलं मन सावरायचा सराव होत असावा. मात्र ही पाहणी शोकग्रस्तांची नव्हती आणि तिच्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. ताजा घाव असलेल्याला भयपट दाखवणं हा उपचार नव्हे.

भास होणं म्हणजे वेड नव्हे, हे मात्र घरात मोकळेपणानं बोलायला हवं. शोकाची तीव्रता सहा महिन्यांनंतरही ओसरत नसेल, रोजचे व्यवहार अडत असतील, तर भगताआधी ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावावा. तिथं मराठीतून बोलता येतं.