प्रतीक्षेच्या काळात चिंता नव्हे, प्रार्थना!

१२ नोव्हेंबर २०२३. ऐन दिवाळीच्या पहाटे उत्तराखंडमधील उत्तरकाशी जिल्ह्यात सिलक्यारा बोगद्याचा काही भाग कोसळला आणि ४१ मजूर आत अडकले. मध्ये सुमारे साठ मीटर ढिगारा. बाहेर जमलेल्या नातेवाइकांच्या हाती थांबण्याखेरीज काहीही नव्हते. बोगद्याच्या तोंडाशी स्थानिक दैवत बाबा बौखनाग यांचे छोटे मंदिर उभारण्यात आले. बचावकार्यात सहभागी झालेले ऑस्ट्रेलियाचे बोगदातज्ज्ञ अर्नोल्ड डिक्स हेही तेथे नतमस्तक होत. खोदाईचे यंत्र अखेरच्या टप्प्यात तुटले. मग खाणकामगारांनी हातांनी माती उकरली. सतराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला सर्वजण सुखरूप बाहेर आले.

ढिगारा मानवी श्रमांनी हटला, याविषयी दुमत नाही. प्रश्न वेगळा आहे. त्या सतरा दिवसांत प्रार्थनेने थांबलेल्यांना काय दिले?

चिता आणि चिंता यांत केवळ एका अनुस्वाराचा फरक, असे जुनी माणसे सांगतात. चिंतेत मन एकच प्रश्न पुन:पुन्हा उगाळते. उत्तर आपल्या हाती नसल्याने हे चक्र थांबत नाही. छातीची धडधड वाढते, झोप उडते, अन्न गोड लागत नाही. शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेल्या प्रत्येकाला हा अनुभव परिचित आहे.

प्रार्थना हे चक्र दोन प्रकारे तोडते. आपल्या आवाक्यातील आणि आवाक्याबाहेरील गोष्टी ती वेगळ्या करते. जे आपले नाही, ते ईश्वरावर सोपविण्याची मुभा देते. दुसरे म्हणजे ठरलेले शब्द आणि ठरलेली लय मनाला धरण्यासाठी आधार देतात.

या लयीचा शरीरावरील परिणाम मोजलाही गेला आहे. इटलीतील ल्युचानो बर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हूम्' हा मंत्र म्हणावयास सांगितले. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावली आणि हृदयाच्या लयीवर अनुकूल परिणाम दिसला. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. धर्म निराळे, भाषा निराळ्या. श्वासाची लय मात्र एकच!

तथापि, प्रार्थनेकडून चमत्काराची अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे. अमेरिकेत हृदयावरील बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये जाहीर झाले. अनोळखी व्यक्तींनी दुरून केलेल्या प्रार्थनेमुळे गुंतागुंत कमी झाल्याचे आढळले नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे निश्चित ठाऊक असलेल्या रुग्णांत तिचे प्रमाण ५९ टक्के, तर त्याविषयी अनिश्चित असलेल्यांत ५२ टक्के होते.

म्हणूनच प्रार्थना औषधोपचारांची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांना विचारावयाचे ते विचारावे, करावयाची धावपळ करावी. त्यानंतर जो रिकामा, जड वेळ उरतो, तो प्रार्थनेचा. घरातील वडीलधारी मंडळी संकटात देवापुढे दिवा लावून नामस्मरणाला बसतात, ते याचसाठी. निकाल तिच्या हाती नसेलही. पण निकाल येईपर्यंत माणसाला उभे ठेवण्याचे बळ तिच्यात निश्चित आहे.