होडीतील सैल इंधनटाकी : धोका आणि उपाय

१ जून ते ३१ जुलै हे दोन महिने गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात होड्या किनाऱ्यावर घेऊन त्यांची डागडुजी केली जाते. रंग आणि इंजिन यांकडे सर्वांचे लक्ष जाते. फळीखाली दडलेली पेट्रोलची टाकी मात्र विसरली जाते. आपल्यापैकी काहींच्या घरी फायबरची होडी आहे, तर अनेकजण अशा होडीतून प्रवास करतात. म्हणून या टाकीविषयी आम्ही येथे थोडी माहिती देत आहोत.

एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम असते. म्हणजे १०० लिटरच्या भरलेल्या टाकीत ७४ किलो पेट्रोल असते. होडी लाटेवर आपटून थांबते, पण जडत्वामुळे टाकी पुढे सरकू पाहते. बैठक सैल असेल तर प्रत्येक लाटेबरोबर टाकी घासली जाते आणि नळीच्या सांध्याला हिसका बसतो. शेवटी गळती सुरू होते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. त्यामुळे ती वर न जाता होडीच्या तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के असले, की स्विचची एक ठिणगीही स्फोटाला पुरेशी होते.

आर्किमिडीजचा नियम येथेही लागू पडतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने होडीत पाणी शिरले, तर प्लॅस्टिकची भरलेली टाकीसुद्धा तरंगू लागते. म्हणून टाकी बाजूंनी अडवणे पुरेसे नाही, ती वरूनही बांधलेली असावी लागते.

अमेरिकेतील तटरक्षक दलाच्या नियमांनुसार बसवलेली टाकी कोणत्याही दिशेला पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. हे माप आपणही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता दुरुस्तीचा क्रम पाहू. हे काम जाणकार कारागिराचेच आहे. मुलांनी त्यात हात घालू नये.

१. होडी उघड्या जागी ठेवून बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. पेट्रोल काढून घ्यावे, टाकी होडीबाहेर न्यावी आणि कप्प्यात भरपूर हवा खेळू द्यावी. त्यानंतरच घासण्याचे यंत्र लावावे.

२. टाकी तपासावी. ॲल्युमिनियमवर पांढरी पूड किंवा खड्डे दिसले, तर ती घट्ट करण्यात अर्थ नाही, बदलावीच. तडकलेल्या नळ्याही बदलाव्यात.

३. होडीच्या तळात थेट स्क्रू मारू नयेत, कारण त्या छिद्रांतून पाणी शिरते. तळाला बळकटी देणाऱ्या लांब तुळयांना लागून टाकीच्या चारही बाजूंना ठोकळे बसवावेत. ती जागा रंग जाऊन मूळ फायबर दिसेपर्यंत घासावी. तेलकट पृष्ठभागावर रेझिन धरत नाही. लाकडी ठोकळे फायबरने पूर्ण मढवावेत. पाणी वाहून जायला वाट ठेवावी.

४. टाकीवरून पट्टे घेऊन ते ठोकळ्यांना बोल्टने आवळावेत. पट्टा, ठोकळा आणि टाकी यांच्यामध्ये पाणी न शोषणारे रबर घालावे. गोणपाट किंवा गालिच्याचा तुकडा नको. तो ओला राहतो आणि धातू कुजवतो.

सोपा उपाय म्हणून काहीजण भोवती फोम ओततात. धातूच्या टाकीला केवळ फोमचा आधार देणे वरील नियमांत निषिद्ध आहे. फोम आणि धातू यांच्यामध्ये अडकलेले खारे पाणी टाकीला भोके पाडते. प्लॅस्टिकची टाकी पेट्रोल भरल्यावर सुमारे दोन टक्के फुगते, म्हणून तिच्याभोवती त्या वाढीपुरतीच बारीक फट सोडावी.

पालकांना आमची विनंती आहे, की होडी पाण्यात उतरवण्यापूर्वी टाकी दोन्ही हातांनी हलवून पाहावी. पुढेही प्रत्येक फेरीआधी कप्प्याचे झाकण उघडून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला, तर इंजिन सुरू करू नये, कोणताही स्विच दाबू नये आणि मुलांना आधी होडीतून उतरवावे.