कोठडीतली पहिली रात्र

युसूफ वडगावच्या ठाण्यात काय किंवा इतर कुठल्याही ठाण्यात काय, अटक झालेल्या माणसाला 24 तासांच्या आत न्यायालयात उभे करावे लागते. पण आत्महत्येच्या दृष्टीने हेच तास सगळ्यांत धोक्याचे असतात. नशा उतरत असते, गावात अब्रू गेल्याची बोच असते, घरी काय चालले असेल ते कळत नाही. जामीन फेटाळला, शिक्षा झाली किंवा घरून वाईट बातमी आली की धोका पुन्हा वाढतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या तुरुंग सुधारणा समितीच्या अहवालानुसार 2017 ते 2021 या काळात देशातल्या तुरुंगांत 817 अनैसर्गिक मृत्यू झाले. त्यांतल्या 660 आत्महत्या होत्या. इतकी माणसे सरकारच्या ताब्यात असताना गेली, हे विसरता येत नाही.

डी. के. बसू खटल्याच्या 1996 च्या निकालाने अटकेची खबर नातेवाइकाला देणे आणि दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी करणे बंधनकारक केले. तपासणी म्हणजे नुसती अंगावरच्या जखमांची नोंद नव्हे. झोप लागते का, जगणे नकोसे वाटते का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस बोलता होतो. तसे वाटत असेल तर त्याला एकटे ठेवू नये.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2023 मध्ये निवडक कैद्यांनाच धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवा, असे सुचवले. रात्री दोन वाजता शेजारी सहकैदीच तर असतो.

नातेवाइकांनो, भेट टाळू नका. मोफत वकिलासाठी 15100, मानसिक आधारासाठी टेलिमानस 14416.