‘स्नायू’ शब्दाचे अर्थांतर आणि हाताच्या सांध्यांचे चुंबकीय चित्रण

कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील लेण्यांत मगिल नावाच्या एका राजवैद्याचे व त्याच्या अपत्यांचे दान प्राचीन ब्राह्मी लेखांत नोंदलेले आहे. तेथे त्याचे पद ‘राजवेज’ अशा प्राकृत रूपात येते. ‘वैद्य’ व ‘वेज’ यांत रूप पालटले, अर्थ मात्र टिकला. अशा बदलापुढे वाचक क्षणभर अडखळतो, परंतु फसत नाही. याच्या उलट प्रकार अधिक फसवा होय : रूप जसेच्या तसे राहते आणि अर्थ सरकतो. ‘स्नायू’ हा शब्द या दुसऱ्या वर्गातला आहे. खांदा, कोपर, मनगट व बोटे यांच्या विकारांत चुंबकीय अनुनाद चित्रण, म्हणजेच ‘एमआरआय’, रूढ झाल्यापासून हा प्रश्न केवळ कोशकारांचा राहिलेला नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी ५००, स्नायू ९०० व कंडरा १६ अशी स्वतंत्र गणना आहे. तेथे पेशी म्हणजे मांसाचा भाग. स्नायू म्हणजे सांध्यांना आवळून धरणारे बंध. फळ्या बंधांनी घट्ट बांधल्या म्हणजे नाव पाण्यात भार वाहते, त्याप्रमाणे स्नायूंनी बांधलेले शरीर भार सोसते, असा तेथील दृष्टांत आहे. हाडे, पेशी, शिरा किंवा सांधे यांच्या हानीपेक्षा स्नायूची हानी अधिक घातक, असेही तेथे म्हटले आहे. आजच्या मराठीत मात्र ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी. बांधणाऱ्या वस्तूचे नाव ओढणाऱ्या वस्तूस मिळाले, आणि बांधणारी वस्तू लोकभाषेत जवळजवळ निनावी झाली. ती उणीव ‘शीर’ या शब्दाने भरून काढली. ‘शीर आखडली’, ‘शिरेवर शीर चढली’ या प्रयोगांत रक्तवाहिनी, मज्जातंतू, कंडरा व मांसपेशी ही चारही एका नावाखाली नांदतात.

चुंबकीय चित्रण नेमके हेच घटक वेगळे करून दाखविते. क्ष-किरणांनी हाड उत्तम दिसते. मऊ ऊतींतील भेद फारसे उमटत नाहीत. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. रुग्णास बहुधा १.५ किंवा ३ टेस्ला इतक्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवतात, पैकी १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. मग रेडिओ-लहरींचा आघात करून पाणी व चरबी यांतील हायड्रोजनच्या केंद्रकांकडून परतणारा संकेत टिपला जातो. त्यापासून प्रतिमा घडविण्याच्या कार्याबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रतिमांत मांसपेशी करडी दिसते. कंडरा व अस्थिबंध यांतील तंतू घट्ट विणलेले असल्याने त्यांचा संकेत अत्यल्प काळ टिकतो, म्हणून ते काळे दिसतात. टी-१ प्रकारच्या प्रतिमेत चरबी उजळते, टी-२ प्रकारात द्रव उजळतो.

खांद्याचे उदाहरण घेतल्यास या भेदाचे महत्त्व ध्यानी येईल. बाहूच्या हाडाचे डोके चार मांसपेशींच्या कंडरांनी वेढलेले असते. त्यांतील वरची कंडरा फाटली की काळ्या पट्ट्यात उजळ द्रवाची रेघ उमटते. फाट अपुरी आहे की आरपार, हेही त्यावरून पुष्कळ अंशी ठरते. अशा वेळी रुग्णास ‘स्नायू फाटला आहे’ एवढेच सांगितले, तर तो मांस दुखावल्याचा अर्थ घेतो. मांसाची साधी दुखापत विश्रांतीने भरून येते, हा त्याचा अनुभव असतो. आरपार फाटलेली कंडरा मात्र सहसा आपोआप सांधली जात नाही. काळ लोटेल तसे तिचे टोक मागे सरकू शकते आणि मांसपेशीत चरबी साठू लागते. ती टी-१ प्रतिमेत दिसते. हा बदल फार वाढला तर शस्त्रक्रियेने टाके घालूनही पूर्ववत बळ येईलच असे नाही. एका शब्दाच्या संदिग्धतेत उपचारांचे महिने निघून जाऊ शकतात.

याच जागी दुखणारा, पण निराळा विकार म्हणजे गोठलेला खांदा. मधुमेही व्यक्तींत तो अधिक आढळतो. यात कंडरा बहुधा शाबूत असते. सांध्याचे वेष्टन जाड व आखूड होते. दुसऱ्याने हात उचलला तरी तो वर जात नाही. केवळ कंडरा फाटली असता दुसऱ्याने उचललेला हात पुष्कळदा वर जातो, रुग्णाला स्वतःला तो उचलता येत नाही. दोहोंना ‘खांदा आखडला’ म्हटले जाते. उपचाराची दिशा मात्र भिन्न असते.

कोपराच्या बाहेरील वेदनेत मूळ दोष बहुधा मनगट उचलणाऱ्या कंडरेच्या उगमाशी असतो. मनगटात ‘शीर दबली’ हे वर्णन पुष्कळदा मज्जातंतूचे असते. पडल्यानंतर मनगटाच्या नौकाकार हाडाची चीर पहिल्या क्ष-किरणचित्रात न दिसताही एमआरआयमध्ये दिसू शकते. संधिवाताभ सांधेदाहात हाडाची झीज क्ष-किरणांत उमटण्यापूर्वीच अस्तराची सूज व मज्जेतील ओल प्रकट होते.

तथापि प्रतिमा हा अंतिम निकाल नव्हे. वय वाढलेल्या अनेकांच्या खांद्यात वेदनेवाचूनही फाट आढळते. म्हणून रुग्णाचे बोलणे, वैद्याची तपासणी व चित्र ही तिन्ही एकत्र वाचावी लागतात. आणि त्यांना जोडणारा धागा भाषेचा असतो. कन्नडहून सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरला जाऊन तपासणी करून आलेल्या शेतकऱ्याच्या हाती इंग्रजी अहवाल पडतो. त्याचा मराठी अर्थ कोणी सांगावयाचा, आणि कोणत्या शब्दांत?

‘स्नायू’ला सुश्रुताचा अर्थ परत देणे आता शक्य नाही, रूढीपुढे कोशाचे चालत नाही. तेव्हा स्नायू म्हणजे मांसपेशी हे मान्य करून कंडरा, अस्थिबंध, संधिवेष्टन व मज्जातंतू ही नावे काटेकोरपणे वेगळी राखावीत आणि प्रत्येकाजवळ एक ओळखीचा दृष्टांत ठेवावा. मोट विहिरीवरून गेली असली तरी तिचा नाडा अजून विस्मरणात गेलेला नाही. नाडा तुटला तर बैल धडधाकट असूनही पाणी वर येत नाही, आणि बैलाला विश्रांती दिल्याने नाडा सांधला जात नाही. स्नायू हा बैल, कंडरा हा नाडा. एवढे समजलेल्या रुग्णास अहवालातील पुढचे वाक्य समजावून सांगणे कठीण जात नाही.