बिल ईमेलने कसं पोहोचतं?

दुबईतल्या दुकानाचं सॉफ्टवेअर बिल बनवतं, त्यावर ५ टक्के व्हॅटही लावतं. पण बिल ईमेलने पाठवायला त्याला स्वतःचं पोस्ट ऑफिस लागतं. ते म्हणजे मेल सर्व्हर. सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव, पोर्ट (बहुतेक वेळा ५८७), युजरनेम आणि पासवर्ड भरायचा.

एवढ्यावर भागत नाही. दुकानाच्या नावाने कोणीही खोटं बिल पाठवू शकतं! म्हणून दुकान आपल्या डोमेनच्या नोंदीत जाहीर करतं, "आमची पत्रं याच सर्व्हरवरून येतात." या नोंदीला एसपीएफ म्हणतात. ती नसेल, तर खरं बिलही स्पॅममध्ये जाऊ शकतं. मग ग्राहकाला ते दिसत नाही आणि दुकानाचे दिरहम अडकतात.

सांगा पाहू: पासवर्ड बरोबर असूनही बिल स्पॅममध्ये का जाऊ शकतं?