लहानांना घेऊन नागपूरला

साकोलीहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. महामार्गाने जाणारी एस. टी. लाखनी मागे टाकते, कारध्याजवळ वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्यात शिरते आणि पुढे मौद्यावरून साधारणपणे अडीच तासांत नागपूरच्या गणेशपेठेतील बसस्थानकावर येऊन थांबते. मोठ्या माणसांना हा प्रवास काहीच वाटत नाही. कचेरीचे काम, दवाखाना, लग्नाचा बस्ता यांसाठी ती सकाळी जातात आणि रात्री परत येतात. परंतु बरोबर चार-पाच वर्षांचे मूल असले, की हेच नागपूर फार लांब आणि फार मोठे होते. असे का व्हावे, हे समजून घेतल्यावाचून सहलीची आखणी नीट होत नाही.

पहिले कारण पावलांचे. वडील एक पाऊल टाकतात, तेव्हा लहान मुलाला जवळजवळ दोन टाकावी लागतात. वडील दोन किलोमीटर चालले, तर मुलाच्या पायांना चार किलोमीटरांचे श्रम झाले असे समजावे. शिवाय त्याचे पोट लहान, म्हणून भूक लवकर लागते. आणि दुपारची झोप चुकली, की समोर वाघ असला तरी ते रडतच राहते. म्हणून घरातील सर्वांत लहान मुलाला जेवढे झेपेल, तेवढीच सहल आखावी.

आता हिशेब मांडून पाहू. सकाळी सातच्या गाडीने निघालो, तर साडेनऊच्या सुमारास आपण नागपुरात पोहोचू. परतीची गाडी सायंकाळी पाचची धरली, तर हाती साडेसात तास येतात. त्यांतून जेवणाचा एक तास, मुलाच्या झोपेचा एक तास आणि शहरातल्या शहरात जाण्यायेण्याचा दीड तास वजा करा. पाणी, मुतारी, चपलेचा तुटलेला अंगठा अशा किरकोळ गोष्टींना अर्धा तास सहज लागतो. उरले साडेतीन तास. एवढ्या वेळात दोनच ठिकाणे पाहून होतील. तिसरे ठिकाण यादीत घातले, तर तिन्हींचा विचका होईल.

कोणती दोन निवडावी? १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय नागपूरकरांच्या तोंडी ‘अजब बंगला’ म्हणूनच आहे. तेथील जुन्या मूर्ती आणि पेंढा भरून ठेवलेले पशुपक्षी तुमच्या वयाच्या मुलांना तासभर गुंतवून ठेवतील. मात्र सोमवारी ते बंद असते, हे आधीच ध्यानात घ्यावे. गांधीसागर तलावाजवळचे रमण विज्ञान केंद्र १९९२ साली सुरू झाले. तेथे उपकरणे हाताने हलवून पाहता येतात, म्हणून ते धाकट्यांनाही आवडते. तेथील तारामंडळ उत्तम आहे. पण अंधाराला भिणाऱ्या मुलाला तेथे नेऊ नये, नाहीतर ग्रहतारे बाजूला राहून त्याचीच समजूत घालावी लागेल. महाराजबागेत प्राणी आहेत, झाडे आहेत आणि सावलीत शिदोरी सोडून बसताही येते. आमच्या मते विज्ञान केंद्र आणि महाराजबाग ही जोडी बरी. आणि २०१९ साली सुरू झालेल्या मेट्रो गाडीतून सीताबर्डीच्या बाजूने एक फेरी केली, तर उंचावरून शहर पाहण्यात धाकटी मंडळी इतकी रमतात, की पुष्कळदा घरी आल्यावर त्यांना तेवढीच आठवते!

ऋतूचाही विचार हवा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या उन्हात लहान मुलांना फिरविणे धोक्याचे. दिवाळीच्या सुट्टीपासून माघापर्यंतचा काळ चांगला. खर्च मोजताना एस. टी.चे नियम माहीत असावे. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे लागते आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही अर्ध्या भाड्यात प्रवास करता येतो. गाडीत ज्याला मळमळते, त्याला खिडकीशी बसवून दूरच्या झाडांकडे पाहावयास सांगावे. कान सांगतात ‘आपण हलत आहोत’ आणि डोळे मात्र समोरच्या स्थिर बाकाकडे पाहतात. या विसंगतीमुळेच मळमळ होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सीताबर्डीच्या बाजारात गर्दीत उभे असताना तुम्ही एकदा खाली बसून पाहा. काय दिसते? माणसांच्या कमरा, पिशव्या आणि पाय. धाकट्या भावंडाला तेथे नेहमी हेच दिसत असते. आईचा चेहरा त्याच्या दृष्टीच्या फार वर असतो. म्हणून ते निळ्या साडीचा पदर पाहून चालते आणि निळी साडी तर शेकडो स्त्रिया नेसतात. लहान मूल खोडकरपणानेच हरवते असे नाही. पुष्कळदा ते एखाद्या परक्या पदरामागे निमूटपणे चालत जाते.

म्हणून निघण्यापूर्वी घरीच त्याची परीक्षा घ्यावी. ‘तुझ्या वडिलांचे नाव काय?’ असे विचारले, की ते ‘बाबा’ म्हणते. ‘कोठे राहतोस?’ तर ‘घरी’. त्याला स्वतःचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि ‘साकोली, जिल्हा भंडारा’ एवढे आठ दिवस आधीपासून पाठ करवून घ्या. दूरध्वनीचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून ती त्याच्या आतल्या खिशात ठेवा. नाव सदऱ्यावर दिसेल असे लावू नये; परका माणूस नावाने हाक मारू लागला, तर मुलाला तो ओळखीचाच वाटतो. चुकामूक झाली तर शोधत धावू नये, होतो तेथेच उभे राहावे, हेही शिकवा. फार वेळ कोणी आले नाही, तर गणवेशातील शिपायाला किंवा जिच्याबरोबर मुले आहेत अशा बाईला सांगावे. मोठ्यांनी तत्काळ पोलिसांना कळवावे. ११२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा निराळा क्रमांकही आहे. ती सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली.

धाकट्याचा हात कोणी धरावयाचा, हेही घरीच ठरवावे. ‘सगळे लक्ष ठेवतील’ असे म्हटले, की आईला वाटते तो बाबांजवळ आहे आणि बाबांना वाटते तो आजीजवळ आहे. रस्ता ओलांडताना, सरकत्या जिन्यावर आणि मेट्रोच्या फलाटावरील पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभे असताना ते काम एकाच माणसाचे असावे. पुष्कळ घरांत ते तुमच्याकडे येईल. काम बदलावयाचे झाले, तर हात प्रत्यक्ष दुसऱ्याच्या हातात द्यावा आणि ‘आता तू’ असे तोंडाने म्हणावे.

परतीच्या गाडीत धाकटे भंडाऱ्याच्या आधीच झोपी जाईल. हिवाळ्यात तोवर बाहेर काळोख झालेला असतो. लाखनी मागे पडली, की त्याला हळूच जागे करावे, पायांत चपला घालाव्या आणि पिशव्या मोजून ठेवाव्या. साकोलीच्या थांब्यावर गाडी फार वेळ उभी राहत नाही.