दोनच पायऱ्या आहेत, साहेब!

सुट्टी ऐन वेळी मंजूर झाली, गाडी तयार आहे, मुले बॅगा भरून बसली आहेत. पण घरातली एक व्यक्ती व्हीलचेअरवर आहे. अशा वेळी हॉटेलातली खोली शोधायची कशी? आणि फोनवर नेमके काय विचारायचे?

ठाण्यातल्या आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची ही हकिकत. आजी निवृत्त शिक्षिका. चार वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणे स्वच्छ, स्मरणशक्ती तल्लख, पण उभे राहायचे तर कुणाचा तरी हात लागतो आणि घराबाहेर पडायचे तर व्हीलचेअर. या चार वर्षांत घर सोडून कुठे राहायला जाणे म्हणून झाले नाही. यंदा दिवाळीला नऊ दिवस उरले असताना मुलाची रजा मंजूर झाली आणि नातवंडांनी गोव्याचा हट्ट धरला. आजींनी नेहमीचे उत्तर दिले, "तुम्ही जाऊन या. मी राहीन धाकटीकडे."

सुनेने ऐकले नाही. "आई, या वेळी तुम्ही नाही तर कुणीच नाही," असे म्हणून तिने फोन हातात घेतला. पुढच्या तीन संध्याकाळी त्या घरात चौदा हॉटेलांना फोन झाले.

पहिल्या संध्याकाळी सगळीकडून एकच उत्तर, फुल्ल! दुसऱ्या दिवशी बुकिंगच्या साइटवर शोधताना 'व्हीलचेअरची सोय' असलेली हॉटेले निवडायची खूण सापडली. घरात आनंदीआनंद झाला. त्यातल्या पहिल्याच हॉटेलात फोन लावला तर पलीकडचा मुलगा उत्साहाने म्हणाला, "हो मॅडम, आहे ना व्हीलचेअर! एक नाही, दोन आहेत!" खुर्ची यांच्याकडे होतीच. हवी होती ती खुर्ची जिच्यात जाईल अशी खोली. दुसऱ्या हॉटेलात लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत पोचायला पाच पायऱ्या. तिसऱ्या ठिकाणी मुलाने बोलून पाहिले. तिथे उत्तर मिळाले, "दोनच पायऱ्या आहेत, साहेब! आमची पोरं उचलतील की!"

हे शेवटचे वाक्य ज्यांच्या घरी व्हीलचेअर आहे त्यांना पाठ असते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. उलट तो मदतीलाच तयार असतो. पण दिवसातून सहा वेळा चार अनोळखी पोरांनी आपल्याला खुर्चीसकट उचलावे, लॉबीतल्या लोकांनी माना वळवून बघावे, हे ज्याच्या वाट्याला येते त्याला विचारा. "मी काय गणपती आहे का, उचलून आणायला आणि न्यायला?" असे आजी हसत म्हणाल्या खऱ्या, पण धाकटीकडे जायची पिशवी त्यांनी त्याच रात्री भरून ठेवली होती.

सोय म्हणजे नक्की काय?

साइटवरची ती खूण बहुतेक वेळा इमारतीबद्दल असते, खोलीबद्दल नाही. दाराशी उतार असला, लिफ्ट असली की खूण केली जाते. खोलीच्या बाथरूमचे दार किती रुंद आहे, हे तिथे कुणी लिहीत नाही. आणि सगळे अडते ते नेमके त्या दारापाशी.

साधी घडीची व्हीलचेअर उघडल्यावर २५ ते २७ इंच रुंद होते. आपल्याकडे बाथरूमचे दार अडीच फुटांचे म्हणजे ३० इंचांचे बसवतात. त्यातून चौकटीची आणि उघडलेल्या दाराची जाडी वजा केली की जेमतेम २६-२७ इंच मोकळे उरतात. म्हणजे खुर्ची अडकते तरी, किंवा चाक फिरवणाऱ्याची बोटे चौकटीवर चेचतात तरी. त्यात आपल्या बाथरूमला उंबरा असतो, नाहीतर आतली फरशी दोन-तीन इंच खाली असते. धडधाकट माणसाच्या हे लक्षातही येत नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या लेखी तिथे मुक्काम संपतो.

सरकारी मापे यापेक्षा उदार आहेत. केंद्र सरकारच्या सुगमतेविषयीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दार ९० सेंटिमीटर मोकळे हवे, खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची जागा हवी आणि उतार बाराला एक या प्रमाणात हवा. हे शेवटचे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. 'दोनच पायऱ्या' म्हणजे साधारण एक फूट उंची. तिला बारा फुटांचा उतार लागतो. पायऱ्यांवर टाकलेली चार फुटांची फळी म्हणजे उतार नव्हे, घसरगुंडी!

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाकडून तारे मिळवायचे असतील तर हॉटेलात दिव्यांग पाहुण्यांसाठी निदान एक खोली असावी लागते. तिचे आणि तिच्या बाथरूमचे दार एक मीटरचे, बेसिन खाली आणि कमोडशेजारी धरायला दांडे. पण हे वर्गीकरण ऐच्छिक आहे. तारे न मागणाऱ्या हॉटेलला ही अट लागत नाही. आणि ज्यांच्याकडे खोली आहे त्यांच्याकडेही बहुधा ती एक किंवा दोनच असते. शंभर खोल्यांत एक! ऐन दिवाळीत ती रिकामी ठेवणे हॉटेलवाल्याला परवडत नाही, म्हणून येईल त्या पाहुण्याला दिली जाते. ज्याला गरज आहे तो फोन करतो तेव्हा तिथे हातीपायी धड असलेले जोडपे उतरलेले असते. शिवाय अशी खोली अनेक हॉटेले साइटवर वेगळी दाखवतच नाहीत. ती असते, पण फोन केल्याशिवाय कळत नाही. उशिरा शोधणाऱ्याच्या फायद्याची गोष्ट असेल तर हीच.

फोन कुणाला, केव्हा आणि कसा?

सुनेच्या हे तिसऱ्या दिवशी लक्षात आले, तेही योगायोगाने. संध्याकाळी वेळ मिळणार नव्हता म्हणून तिने बँकेतल्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला. संध्याकाळी स्वागतकक्षात पाहुण्यांची झुंबड असते. रात्री जो माणूस असतो त्याला खोलीतले काही ठाऊक नसते. दुपारी बारा ते तीन या वेळात आदल्या दिवशीच्या खोल्या रिकाम्या झालेल्या असतात, नवे पाहुणे यायचे असतात आणि खोल्यांची साफसफाई करून घेणारा सुपरवायझर हाताशी असतो. खोली खरी ओळखतो तो हाच माणूस. "तुमच्याकडे दिव्यांगांसाठी सोय आहे का?" असे तिने त्याला विचारलेच नाही. या प्रश्नाला 'हो' याशिवाय दुसरे उत्तर येत नाही. तिने विचारले, "बाथरूमचं दार उघडून आतून आत किती इंच भरतं, टेप लावून सांगाल का?"

त्याने टेप लावली. चौतीस इंच भरले.

मग तिने बाकीचे विचारले. गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती, लिफ्टच्या आधीच्या आणि जेवणघराच्या धरून? अंघोळीची जागा सपाट आहे की टब आहे? टब असेल तर अशा माणसाला ती खोली निरुपयोगीच. कमोडवर बसल्यावर धरायचा दांडा कुठल्या हाताला येतो? हा प्रश्न फार थोड्यांना सुचतो. आजींची डावी बाजू गेलेली, तेव्हा दांडा उजवीकडे हवा. डावीकडचा दांडा कितीही मजबूत असला तरी त्यांच्या कामाचा नाही. पलंगाची उंची किती? व्हीलचेअरची बैठक १९-२० इंचांवर असते. हॉटेलातले पलंग जाड गाद्यांमुळे दोन फुटांच्या वर जातात आणि मग खुर्चीतून पलंगावर जाणे म्हणजे कठडा चढणे. सुपरवायझर म्हणाला, वरची एक गादी काढून देतो. शेवटी तिने त्या खोलीचे आणि बाथरूमचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवले. जाहिरातीतले नव्हेत, तेव्हाच्या तेव्हा काढलेले. दाराच्या फोटोत टेप धरलेली दिसली पाहिजे, असेही सांगितले. माणूस भला होता, त्याने पाठवले.

हे हॉटेल होते पणजी शहरातले, मुख्यतः कामानिमित्त येणाऱ्यांसाठी बांधलेले. साइटवर तिथे 'जागा नाही' असेच दिसत होते. ती खोली दुसऱ्या पाहुण्याकडे होती, पण पाडव्याच्या सकाळी सुटणार होती. यांनी निघायचा दिवस एकाने पुढे ढकलला.

आधी खोली, मग गाव

एरवी आपण गाव ठरवतो आणि मग हॉटेल. वेळ कमी असेल आणि बरोबर व्हीलचेअर असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. समुद्रकाठची रिसॉर्ट्स आणि थंड हवेची ठिकाणे दिवाळीत, नाताळात, जोडून आलेल्या सुट्ट्यांत भरलेली असतात. त्याच दिवसांत शहरातली कामकाजाची हॉटेले ओस पडतात, कारण सुट्टीत कामासाठी येतो कोण? नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी अशा शहरांत मुक्काम करून तिथून गाडीने फिरणे सोपे जाते. त्यातही इमारत जितकी नवी तितकी आशा जास्त. जुन्या बंगल्यांची हॉटेले दिसायला कितीही देखणी असोत, त्यांचे जोते उंच असते.

काही ठिकाणे ऐन वेळच्या बेतात सरळ वगळावीत असे मला वाटते. माथेरानला खासगी मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते आणि पुढे लाल मातीचा खडबडीत रस्ता आहे. तिथे पूर्वतयारीशिवाय खुर्ची नेऊ नये. उलट वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, रायगडावर रोपवे आहे. म्हणजे गड नाहीच असे नाही. पण मुक्काम खाली, रुंद दाराच्या खोलीत.

खोली मिळतच नसेल तर दोन उपाय. बहुतेक हॉटेलांत पैसे न कापता बुकिंग रद्द करायची मुदत येण्याच्या एक-दोन दिवस आधी संपते. ती मुदत विचारून घ्यावी आणि त्या दुपारी पुन्हा फोन करावा. रद्द झालेल्या खोल्या तेव्हा मोकळ्या होतात. दुसरा उपाय अरुंद दाराशी तडजोड करण्याचा. छोट्या चाकांची, घडीची कमोड-खुर्ची व्हीलचेअरपेक्षा अरुंद असते. मुंबई-पुण्यात रुग्णसाहित्याच्या दुकानांत ती अनामत ठेवून भाड्याने मिळते. मात्र तिचे मापही घरून टेपने मोजूनच निघावे. विमानाने जाणार असाल तर व्हीलचेअरची मदत लागेल हे विमान कंपनीला ४८ तास आधी कळवावे.

आणि एक. खोली ठरली की तो विशिष्ट खोली क्रमांक आपल्यासाठी राखून ठेवल्याचे हॉटेलकडून लेखी घ्यावे, ई-मेलवर किंवा निदान व्हॉट्सअॅपवर. निघायच्या सकाळी पुन्हा फोन करून तो क्रमांक उच्चारून घ्यावा. नाहीतर रात्री नऊला पोचल्यावर 'तशीच दुसरी देतो' असे ऐकायला मिळते, आणि तशीच दुसरी नसते.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सेवा सरकारी असो वा खासगी, ती सुगमतेच्या नियमांप्रमाणेच द्यावी लागेल असे त्याचे कलम ४६ सांगते. नियम आल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले. अधिनियमाचा भंग केल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तरीही 'दोनच पायऱ्या' आहेत तिथेच आहेत. याचे एक कारण सर्वोच्च न्यायालयानेच ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणाच्या निकालात दाखवून दिले. अधिनियम सक्तीची भाषा बोलतो, पण त्याखालचा नियम १५ केवळ मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो, आणि सूचना पाळल्या काय, न पाळल्या काय! न्यायालयाने तो नियम अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि किमान सक्तीची मानके वेगळी काढून नियम करण्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. २०११ च्या जनगणनेत देशातल्या दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती. गुडघे गेलेली, झटका येऊन गेलेली घराघरातली वडीलधारी माणसे यांत सगळीच मोजली गेली असतील असे वाटत नाही. हॉटेलवाल्यांनी हा हिशेब गिऱ्हाईक म्हणून तरी मांडायला हरकत नाही. खुर्चीवरची एक आजी आली की तिच्याबरोबर पाच माणसे येतात आणि दोन खोल्या घेतात.

तक्रार करायची असल्यास महाराष्ट्रात पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे करता येते. सुट्टीवरून आल्यावर कुणी करत नाही, हेही खरे.

पणजीच्या त्या खोलीत हे कुटुंब तीन रात्री राहिले. सगळे सुरळीत झाले असे नाही. जेवणघराच्या दाराशी एक पायरी निघालीच, जी फोनवर कुणाला आठवली नव्हती; मग जेवण खोलीत मागवले. मिरामारला वाळू सुरू होते तिथे खुर्ची थांबली, चाके पुढे जाईनात. नातू बादली घेऊन पळत गेला आणि समुद्राचे पाणी घेऊन आला. आजींनी दोन्ही पाय बादलीत सोडले.

घरी आल्यावर शेजारणीने "काय काय पाहिलंत?" असे विचारले तेव्हा आजींनी समुद्राच्या आधी बाथरूमचे सांगितले. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दार लोटून घेऊन एकटीने अंघोळ केली होती. सून बाहेर उभी होती, पण बाहेर.

चौदा फोनांची नोंद सुनेने एका शंभर पानी वहीत केली आहे. हॉटेलचे नाव, दाराचे इंच, पायऱ्या, दांडा कुठल्या हाताला, फोनवर कोण नीट बोलले. सध्या ती वही खालच्या मजल्यावर गेली आहे. तिथल्या काकांचे ऑक्टोबरात खुब्याचे ऑपरेशन झाले आणि त्यांना जानेवारीत भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला जायचे आहे.